सतरा मेहरचा पतंग

मागच्या पोस्टखाली एकांनी विचारलंय, "येडशीच्या रामलिंगला पावसाळ्यात जावं का?" जावं, आणि श्रावणातच जावं. आता रस्ते चांगले आहेत, गाडी पार देवळापाशी जाते. मी मात्र तिथं पहिल्यांदा गेले ती दर्शनाला किंवा धबधबा बघायला गेले नव्हते. मी गेले होते एका माणसाची लबाडी पकडायला. साल त्रेसष्ट. माझं वय पंचवीस, आणि स्वभाव आजच्यासारखाच संशयी. भाजीवाल्याचा तराजू मी अजूनही आधी रिकामा बघून घेते.

मी तेव्हा पुण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होते. आमच्या सरांकडं गावोगावचे लोक किडे पाठवायचे. बासष्टच्या दिवाळीच्या सुमारास कळंबहून एक काडेपेटी आली. आत कडब्याच्या धाटातला पांढरा गाभा कापून बसवलेला आणि त्यात शिवणाच्या बारीक सुयांवर दोन पतंग. दिव्याभोवती फिरतात तसले, पण तांदळाच्या कणीएवढे. राखी पंख, त्यावर तांब्याच्या रंगाचा एक पट्टा आणि पट्ट्याखाली तीन काळे ठिपके. एकाच्या सुईला चिठ्ठी टोचलेली होती, मराठीत, शाळेत गिरवतात तसल्या टपोऱ्या अक्षरात: "रामलिंग, येडशी. केन्याच्या पानाच्या सुरळीत. १७ मेहर ७१." पाठवणाऱ्याचं नाव मकबूलसाब, निवृत्त गिरदावर. गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला गावं फिरून पिकं आणि जमिनी तपासणारा अधिकारी.

सूक्ष्मदर्शकाखाली पंखांच्या शिरा बघितल्या, पोटाच्या टोकाचे भाग उकलून बघितले, होती ती सगळी पुस्तकं उलटीपालटी केली. असा पतंग कुणीच नोंदवलेला नव्हता. नवी जात. मी तीन दिवस हवेत होते. मग सर म्हणाले, "आधी तारीख आणि जागा पक्की करा." तिथं माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मेहर हा महिना कुठला? शेजारी एक पारशी बाई राहायच्या, त्यांना विचारलं. त्यांनी पंचांग बघून सांगितलं, मेहेरची सतरा म्हणजे मार्चचा मध्य. मार्चात केना? केना ही पावसाळी भाजी. श्रावणात बांधावर माजते आणि दिवाळीनंतर वाळून जाते. मार्चात मराठवाड्यात केन्याचं पान शोधून दाखवा. म्हणजे तारीख तरी खोटी किंवा पान तरी. आणि तो "७१"? माझ्या मते तो नमुन्याचा क्रमांक होता. एकाहत्तर पतंग धरले आणि आम्हाला दोन पाठवले, तर उरलेले एकोणसत्तर गेले कुठं? परदेशातले संग्राहक अशा गोष्टींना बरे पैसे देतात हे मला माहीत होतं.

मी चिठ्ठी सुईवरून काढली, केराच्या टोपलीत टाकली आणि माझ्या अक्षरात नवी लावली: "येडशी (?). दिनांक संशयास्पद." मग मकबूलसाबांना कडक पत्र लिहिलं. मेहर म्हणजे मार्च, मार्चात केना नसतो, आपण दिलेली तारीख अशक्य आहे, खरी तारीख आणि उरलेल्या एकोणसत्तर नमुन्यांचा खुलासा तातडीनं करावा.

दोन महिन्यांनी कार्ड आलं. त्यात तीनच वाक्यं होती. "हुकुमाप्रमाणे तारखा दुरुस्त केल्या आहेत. एकोणसत्तर नग नाहीत. आपण यावे."

ज्याची तारीख एका पत्रासरशी बदलते त्याच्यावर काय विश्वास ठेवायचा? सरांनी एक पत्र टाइप करून घेतलं, देशातल्या सगळ्या संग्रहालयांना पाठवायचं: या गृहस्थांचे नमुने यापुढं ग्राह्य धरू नयेत. माझ्या हातात देऊन म्हणाले, "जाऊन बघा. खोटं निघालं तर तिथूनच पोस्टात टाका." ते पत्र गेलं असतं तर त्या माणसाची काडेपेटी पुन्हा कुठल्याही प्रयोगशाळेत उघडली गेली नसती, आणि पतंगही आमच्या हातून गेला असता. ऑगस्टात रजा काढून मी निघाले. सामानात जाळं, भिंग, दोन पातळं, पाव, ते पत्र आणि किडे मारायची विषाची बाटली.

पुण्याहून रात्रीच्या गाडीनं कुर्डुवाडीला पहाटे उतरले. तिथून लातूरकडं जाणारी छोटी लाईन. त्या गाडीचा वेग असा, की चढावर लोक खाली उतरून दातवण तोडायचे आणि पुढच्या डब्यात चढायचे. बार्शीत चहा घेतला. चहावाला म्हणाला, "दोन आणे." नवे पैसे येऊन सहा वर्षं झाली होती. मी म्हटलं, "आणे कधीच गेले." तो म्हणाला, "गेले आसतील बाई. च्या दोनच आण्याचा हाय." मी बारा नवे पैसे दिले. त्यानं ते दोन आणे म्हणून गल्ल्यात टाकले. मला तेव्हा त्याची गंमत वाटली होती.

येडशीला दुपार झाली. स्टेशनबाहेर कळंबची एसटी उभीच होती. मी खिडकीशी बसले. मागच्या बाकावर दोन बाया माझ्याबद्दल माझ्यादेखतच बोलत होत्या.

"मलेरियावाली आसंल."

"न्हाय गं. मलेरियावाले खाकी घालत्यात. ही पोरं बंद करायचं सांगणारी आसंल."

"मग हातात ते जाळं कशाला?"

कळंब येईपर्यंत त्यांनी पोरांना माझ्या बाजूला फिरकू दिलं नाही.

कळंब तेव्हाही धान्याचा बाजार. रस्त्यात बैलगाड्या, ज्वारीची पोती, तोलणाऱ्यांची ओरड. मी आधीच ठरवलं होतं, ज्याची चौकशी करायची त्याच्या घरी राहायचं नाही आणि पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. सरकारी विश्रामगृहावर गेले. पहारेकऱ्यानं विचारलं, "कागद हाय का?" कसला कागद? "तहसीलचा. कागदाबिगर खोली देत न्हाय. आन एकल्या बाईला तर कागद आसला तरीबी इचारूनच." चीनचं युद्ध होऊन वर्ष व्हायचं होतं. अनोळखी माणसाकडं सगळेच तिरप्या नजरेनं बघत होते. मी चरफडत पत्ता विचारत मकबूलसाबांच्या दारात जाऊन उभी राहिले.

दार त्यांनीच उघडलं. साठीचा उंच, वाळका माणूस, पांढरी शेरवानी, कोपरावर ठिगळ पण कडक इस्त्री. मी नाव सांगितलं. ते दोन पावलं मागं सरकले आणि अगदी कचेरीत साहेब आल्यासारखे उभे राहिले.

"या. मला वाटलं पुरुष असतील," ते म्हणाले. "पत्राची भाषा तशी होती."

त्यांची बायको जुलेखाबी आतल्या पडद्यातून बाहेर आली आणि माझी पिशवी सरळ आत घेऊन गेली. राहण्याचा प्रश्न तिथंच मिटला. खाण्याचाही. खिचडी आणि चिंचेचा खट्टा, सोबत भाजलेला पापड. मी म्हटलं भूक नाही. ती म्हणाली, "शरमाव नक्को बेटी. ताटात पड्या सो अन्न क्या गुनाह किया?" मी जेवले. वाईट म्हणजे, ते फार चांगलं होतं. तुम्ही कुणाच्या घरी त्या बाजूला गेलात आणि खिचडी-खट्टा पुढं आला तर आढेवेढे घेऊ नका.

संध्याकाळी मकबूलसाबांनी वही आणली. लाल कापडात बांधलेली, जाडजूड, महसुली कागदाची. तीस वर्षं घोड्यावरून आणि पुढं सायकलवरून गावं फिरताना, पिकांची आणेवारी ठरवताना, पानावर किडा दिसला की त्यांनी नोंद केलेली. मूळ नोंदी उर्दूत, कारण निजामाच्या अमलात कचेरीची भाषा तीच. मला उर्दू येत नाही. पण प्रत्येक तारखेवर लाल शाईची एक रेघ होती, आणि वर लाल अक्षरात मराठीत नवी तारीख. शाई ताजी होती. मी बोट ओलं करून लावून बघितलं, बोटाला लालसर डाग आला.

"ही कधीची नोंद?" मी एका पानावर बोट ठेवलं.

"ती मृगाच्या किड्यांची. लाल मखमली किडे असतात ना, ते." त्यांनी वाचून दाखवलं. "माकणीच्या शिवारात. जानेवारी."

"मृगाचे किडे जानेवारीत?"

"आणि ही हुरड्याच्या कणसातली अळी. जुलै."

माझं डोकं फिरलं. मृगाचे किडे मृगात निघतात हे शाळेतलं पोरही सांगेल. जुलैत हुरडा कुणी खाल्लाय? मी म्हटलं, "मकबूलसाब, तुम्ही माझी थट्टा करताय का?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "न्हाय बाई. पुण्याच्या हिशेबानं लावलंय. सगळं सात-सात महिने पुढं सरकवलंय. दोन महिने लागले."

मला काहीच कळलं नाही, पण कळलं नाही हे कबूल करायची माझी तयारी नव्हती. मला एवढंच दिसत होतं की हा माणूस तीस वर्षांच्या तारखा शाई लावून बदलू शकतो आणि तसं तोंडावर सांगतो. तेवढ्यात मगरिबची अजान झाली. ते वही बांधून नमाजाला गेले. मी पिशवीतलं टाइप केलेलं पत्र चाचपून बघितलं. पोस्ट कुठं आहे हे येतानाच बघून ठेवलं होतं.

जुलेखाबी लसूण सोलत बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते तारखा का बदलतात?"

तिनं हातातली पाकळी सोलून संपवली. मग आपल्या अर्ध्या दखनी, अर्ध्या मराठीत म्हणाली, "एक दफे कागदाला जबाब दिला होता, बेटी. पोलीस ॲक्शनच्या बाद. वरून लिहून आलं, तुमच्या नोंदी गलत हैत. हे बोलले, सही हैत. दोन साल घरी बिठा दिये. फिर चौकशी झाली, नोंदी सही निकल्या, नोकरी वापस भेटली. लेकिन वो दो साल?" तिनं लसणीची पाकळी ताटात टाकली. "तुमचा खत आला तर मैं बोली, जबाब देव. बोले, पहले हुकूम मानायचा. अर्ज बाद में, समोर बसून."

मी ऐकून घेतलं. पण संशयी माणसाला अशा गोष्टींनी फरक पडत नाही. मला वाटलं, ही नवऱ्याची बाजू घेणारच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही येडशीला आलो. तिथून रामलिंगला पायी. पायवाट खाली घळीत उतरते. दोन्ही बाजूंना झुडपं, वर माकडं, खाली ओढा. पाऊस नुकताच उघडला होता. ज्यांना जायचंय त्यांनी पायात घट्ट चपला घाला आणि खाण्याचा डबा पिशवीच्या तळाशी ठेवा, माकडांना वरचा कप्पा पाठ असतो. माझा पाव पहिल्या वळणावरच गेला.

देवळाअलीकडं पोलीस पाटलानं आम्हाला अडवलं. मकबूलसाबांना तो ओळखत होता, मला नव्हता.

"ह्या बाटलीत काय हाय?"

"विष," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

"कुणासाठी?"

"पतंगांसाठी."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग जाळ्याकडं, मग भिंगाकडं. "बाई, तुमी ठाण्यावर चला."

मकबूलसाब पुढं झाले. "पाटील, माझ्या पाव्हण्या हाईत. पुण्याच्या कॉलेजात शिकवत्यात. जबाबदारी माझी. लिहून पायजे आसंल तर लिहून देतो."

पाटलानं खरंच लिहून घेतलं. त्या गृहस्थांनी झाडाला टेकून, गुडघ्यावर कागद ठेवून, माझ्या चांगल्या वर्तणुकीची हमी लिहिली आणि खाली सही केली. त्यांना बदनाम करणारं पत्र माझ्या पिशवीत त्याच वेळी होतं. मला ते अवघड वाटलं, पण इतकंही नाही की मी पत्र फाडावं.

ओढ्याच्या काठानं केना माजला होता, निळी फुलं लागलेली. मकबूलसाब पुढं गेले, वाकले आणि म्हणाले, "इथं बघा." मी बघितलं नाही. कुणी सांगावं, कालच येऊन ठेवलं असेल. मी म्हटलं, "मी माझी जागा मीच निवडते," आणि गुडघाभर पाण्यातून ओढा ओलांडून पलीकडं गेले. ते दगडावर बसून राहिले.

दोन तास मी केन्याचं एकेक पान उलटलं. कंबर धरली, पातळ चिखलानं जड झालं, पाटील वरून माझ्यावर नजर ठेवून होता. शेवटी एका सावलीच्या खोबणीत एक पान दिसलं, विडीसारखं वळलेलं, कडा पांढऱ्या धाग्यानं शिवलेल्या. उलगडलं. आत रिकामा कोश. आणि शेजारच्या पानाखाली, पंख छपरासारखे मिटून, तांब्याचा पट्टा आणि तीन ठिपके.

मी जाळं वापरलंच नाही, सरळ बाटलीचं तोंड त्याच्यावर धरलं. नंतर तासाभरात अजून चार मिळाले. पतंग खरा होता, जागा खरी होती, केना खरा होता. मग तारीखच तेवढी खोटी का लिहिली? मी ओढा ओलांडून परत आले आणि बाटली त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी उन्हात धरून बघितली. चेहरा पहिल्यांदाच मोकळा झाला. "हेच," ते म्हणाले. "दरसाल ह्याच दिवसांत निघत्यात. आज मेहरची सोळा. गेल्या साली सतराला घावले होते."

"आज बावीस ऑगस्ट आहे," मी म्हटलं.

"व्हय. मेहरच की."

मी तिथंच दगडावर बसले.

निजामाच्या राज्यात महसुलाचं वर्ष फसली. त्याच्या महिन्यांची नावं इराणी, आजूर, दै, बहमन अशी, पण ते चालायचे पीकपाण्याच्या सोयीनं. वर्ष सुरू व्हायचं ऑक्टोबरात. नावं पारशांच्या महिन्यांसारखीच, जागा वेगळ्या. मकबूलसाबांचा मेहर ऑगस्टात सुरू होतो, हैदराबादच्या राज्यात वाढलेल्या कुठल्याही शिपायानं हे सांगितलं असतं. मी विचारलं पुण्यात, पारशी बाईंना. त्यांनी त्यांच्या पंचांगाचं बरोबर उत्तर दिलं. चुकीच्या दारात जाऊन प्रश्न मी विचारला होता.

"आणि ते एकाहत्तर?" मी विचारलं. उत्तर मला आता अंदाजानं कळलं होतं, तरी विचारलं.

"सन एकाहत्तर. तेराशे एकाहत्तर फसली." ते थोडे हसले. "तुमी एकोणसत्तर नग मागितले. बिवी बोलली, कुठून तरी धरून द्या त्यांना."

"मग तुम्ही लिहिलं का नाहीत, की मेहर म्हणजे ऑगस्ट?"

त्यांनी बाटली माझ्या हातात परत दिली. "बाई, राज बदललं. आण्याचे नवे पैसे झाले. कोसाचे मैल झाले, आता मैलाचे किलोमीटर. शेराचे किलो झाले. दरसाल एक कागद येतो आन आपलं माप बदलतं. म्हटलं, मेहरचा मार्च झाला आसंल. पुण्याहून लिहून आलंय म्हंजे उगीच न्हाय आलं. मृगाचे किडे जानेवारीत लिहिताना हात अडत होता. पण हुकूम पुरा केला, आन तुमाला या म्हणून लिहिलं. समोर बसून दाखवता आलं आसतं."

मला लाज वाटली. आयुष्यात इतकी क्वचितच वाटली असेल. मी पिशवीतून ते टाइप केलेलं पत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. लपवून ठेवलं असतं तर जास्त जड झालं असतं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मी म्हटलं, "फाडून टाका."

"कागद फाडायचा नसतो," ते म्हणाले. त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढून माझ्याकडं दिली. "एक रेघ मारा. खालचं दिसलं पायजे. बाजूला सही करा. आमच्या कचेरीत असंच. खाडाखोड केली की लबाडी, रेघ मारून सही केली की दुरुस्ती."

मी रेघ मारली, सही केली. त्यांनी पत्राची नीट घडी घालून शेरवानीच्या खिशात ठेवलं. मग म्हणाले, "आता वहीचं राहिलं."

वहीत उर्दू तारखांवर त्यांनी मारलेली ती लाल रेघ एकेकच होती. खालचं सगळं शाबूत होतं, वाचणाऱ्याला लख्ख वाचता येत होतं. आता लाल तारखा रद्द करून जुन्या कायम करायच्या होत्या. ते सही करू शकत नव्हते. "दुरुस्ती ज्याच्या हुकमानं, सही त्याची," ते म्हणाले, आणि ते काही मला टोचायला म्हणत नव्हते. तसा नियमच होता.

तेवीस ऑगस्टला, सतरा मेहरला, सकाळी त्यांच्या ओट्यावर सतरंजी टाकून आम्ही बसलो. ते एकेक नोंद वाचायचे, उर्दूतली तारीख सांगायचे, मी लाल तारखेवर निळी रेघ मारून सही करायचे. मृगाचे किडे परत मृगात आले. हुरड्याची अळी हुरड्यात. नोंदी तीनशेच्या वर होत्या. प्रत्येक सहीसरशी मी एक चूक कबूल करत होते. जुलेखाबी दोनदा चहा ठेवून गेली आणि दुसऱ्या वेळी माझ्या शाईच्या बोटांकडं बघून म्हणाली, "अब समझ में आया ना, दोन महिने कैसे गेले?" गल्लीतले दोन-तीन म्हातारे उभे राहून बघत होते. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "पुण्याची बाई मकबूलसाबाचं दप्तर तपासायलीय." दुसरा म्हणाला, "तपासायली न्हाय, सह्या करायलीय." त्यांना काही उलगडा झाला नाही.

दुपारच्या एसटीला ते पोचवायला आले. मी सांगितलं, नव्या पतंगाला तुमचं नाव देणार. त्यांनी मान हलवली. "नाव नको. नावाला लई चौकशा लागत्यात. तारीख आमचीच टाका, म्हंजे झालं."

मी कबूल केलं. गाडी सुरू झाली तसे ते खिडकीशी आले. "बाई, ती चिठ्ठी सांभाळून ठिवा. मला मराठी लिहायची सवय न्हाय. तुमाला वाचता यावी म्हणून चार दिवस गिरवून लिहिली होती."

मी म्हटलं, "आहे. ठेवलीय."

पुण्यात पोचले ती घरी न जाता आधी प्रयोगशाळेत गेले. केराची टोपली रोज संध्याकाळी रिकामी होते हे मला माहीत होतं, आणि चिठ्ठी टाकून आठ महिने झाले होते, तरी कपाटामागं, ड्रॉवरच्या फटीत, टेबलाखाली, सगळीकडं बघितलं. नव्हती. मग मी माझ्या "दिनांक संशयास्पद" वर एक रेघ मारली, वर "१७ मेहर १३७१ फसली" लिहिलं, सही केली, आणि खाली कंसात लिहिलं: "मूळ चिठ्ठी गहाळ."

लेख छापून आला. सर कुरकुरले, संपादकानं दोन पत्रं पाठवली, पण तारीख फसलीच छापली, शेजारी तेवीस ऑगस्ट. जातीच्या नावात मी रामलिंग घातलं. एक प्रत कळंबला पाठवली. उलट कार्ड आलं: "तारीख पाहिली. बरोबर आहे." आमचा पत्रव्यवहार पुढं बरीच वर्षं चालला. चिठ्ठीबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी सांभाळलीय म्हटल्यावर त्यांनी शंका घेतलीच नाही.

मकबूलसाब जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. या ब्लॉगसाठी जुने फोटो शोधताना मला राहवेना, म्हणून तो पतंग आता जिथं ठेवलाय त्या संग्रहालयात गेल्या महिन्यात गेले. तिथल्या मुलीनं खण उघडून दिला, पण जागची हलली नाही. सत्त्याऐंशीची म्हातारी पर्समधून लाल पेन्सिल काढते म्हटल्यावर तिला संशय येणारच. पतंगाचा तांब्याचा पट्टा उडालाय, ठिपके आहेत. खाली माझी चिठ्ठी, पिवळी पडलेली.

"आजी, यावर लिहायला परवानगी लागते," ती म्हणाली.

मी तिला चिठ्ठीवरची माझी सही दाखवली. मग "गहाळ" या शब्दावर एक रेघ मारली, खालचं दिसेल अशी, वर लिहिलं "मी टाकली", आणि बाजूला सही केली.